तरंगत्या जगाचे दैनंदिन : उकियो-ए चित्रांतील वास्तवाचा प्रश्न

१

जपानच्या एदो कालखंडात (१६०३ ते १८६८) लाकडी ठशांवरून छापल्या गेलेल्या चित्रांना 'उकियो-ए' म्हणजे 'तरंगत्या जगाची चित्रे' असे म्हणतात. ही चित्रे म्हणजे तत्कालीन सामान्य जपानी माणसाच्या दैनंदिन जीवनाचा आरसा होय, हे विधान या चित्रांविषयीच्या लेखनात वारंवार आढळते. स्नानानंतर केस विंचरणाऱ्या स्त्रिया, पावसात पळणारे हमाल, पिंप तासणारा कारागीर, चहागृहातील परिचारिका, मांजरे, पंखे, छत्र्या अशी या चित्रांची विषयसूची पाहिली तर ते विधान सहज पटण्यासारखेही वाटते. समाजेतिहासकार या चित्रांकडे पुरावा म्हणून पाहतात, रसिक त्यांच्याकडे साधेपणाचे सौंदर्य म्हणून पाहतो. आणि चित्रकाराने समोर दिसले ते टिपले, हे दोघेही गृहीत धरतात.

मराठी वाचकाच्या बाबतीत या गृहीतकाला आणखी एक आधार लाभला आहे. शिरीष पै यांनी हायकू मराठीत रुजवल्यापासून जपानी कला म्हणजे क्षणाची अकृत्रिम नोंद, अशी एक धारणा आपल्याकडे स्थिरावली. ती धारणा नकळत छापचित्रांनाही लावली जाते. परंतु हायकू एका कवीच्या हातून लिहिला जातो, आणि छापचित्र मात्र चार निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांच्या हातांतून, बाजाराच्या मागणीनुसार आणि शासनाच्या परवान्यानिशी सिद्ध होते. अशा कृतीतील 'सहजता' हा स्पष्टीकरणाचा प्रारंभबिंदू मानता येत नाही. तिचेच स्पष्टीकरण द्यावे लागते.

हा प्रश्न भारतीय काव्यशास्त्राला अपरिचित नाही. वस्तूचे जसे आहे तसे वर्णन, म्हणजे स्वभावोक्ती, हा अलंकार आहे काय, याविषयी आपल्या परंपरेत दीर्घ मतभेद झाला. भामहाने 'काहींच्या मते' अशा सावध शब्दांत तिचा उल्लेख केला. दंडीने तिला अलंकारांत पहिले स्थान दिले. कुंतकाने तिचे अलंकारत्वच नाकारले, कारण वस्तूचा स्वभाव हाच जर अलंकार असेल तर अलंकृत करावयाचे ते काय उरले, असा त्याचा प्रश्न होता. 'दैनंदिन जीवनाचे चित्रण' या शब्दप्रयोगात हाच वाद दडलेला आहे. दैनंदिन जीवन हे उकियो-ए चित्रांचे अलंकार्य आहे की अलंकार, हा प्रश्न विचारल्याशिवाय या चित्रांतील वास्तवाविषयी काही निश्चित बोलता येणार नाही.

२

'उकियो' या शब्दाचा इतिहास येथे उपयुक्त आहे. मूळ बौद्ध संदर्भात तो दुःखमय, नश्वर जगाचा वाचक होता. सतराव्या शतकात तोच उच्चार कायम ठेवून 'दुःखी' या अर्थाच्या चिन्हाऐवजी 'तरंगणारे' या अर्थाचे चिन्ह लिहिले जाऊ लागले. आसाई र्‍योई याच्या १६६० च्या दशकातील 'उकियो मोनोगातारी' या गद्यकृतीत हा नवा अर्थ ठळकपणे मांडला गेला: जग नश्वर आहे, म्हणूनच ते उपभोगावे. वैराग्याचा शब्द उपभोगाचा शब्द झाला. परंतु उच्चार तोच राहिल्याने जुना अर्थ पुसला गेला नाही, खाली दबून राहिला. या द्व्यर्थाची आठवण पुढील विवेचनात ठेवावी लागेल.

हा नवा अर्थ ज्या समाजात रूढ झाला तो एदो शहराचा, म्हणजे आजच्या तोक्योचा समाज होता. अठराव्या शतकात या शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास पोहोचली होती. सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी या अधिकृत श्रेणीत व्यापारी तळाशी होते, पण पैसा त्यांच्या हाती येत होता. राजकीय अधिकार नसलेल्या या वर्गाने आपली प्रतिष्ठा नाट्यगृह, गणिकावस्ती, वस्त्रप्रावरणे आणि छापील करमणूक यांत शोधली. हिशिकावा मोरोनोबुने (मृत्यू १६९४) काळ्या शाईतील सुट्या चित्रपत्रांना जे रूप दिले ते याच ग्राहकासाठी.

या चित्राचा खरा सूत्रधार प्रकाशक असे. विषय तो ठरवी, भांडवल तो घाली. चित्रकार रेखाटन देई. कोरणारा कारागीर चेरीच्या लाकडावर ते रेखाटन उलटे चिकटवून कोरी, आणि त्या क्रियेत मूळ रेखाटन नष्ट होई. छापणारा कारागीर तुतीवर्गीय झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदावर एकेका रंगाचा ठसा खुणेला खूण जुळवून उमटवी. अशा एका रंगीत पत्राची किंमत एकोणिसाव्या शतकात साधारणतः एकदोन वाट्या शेवयांच्या किमतीएवढी होती. म्हणजे हे चित्र स्वतःच दैनंदिन जीवनातील एक वस्तू होते: विकत घ्यावे, भिंतीला किंवा पडद्याला चिकटवावे, जुने झाले की टाकून द्यावे. दैनंदिन जीवन चित्रात आले त्याआधी चित्र दैनंदिन जीवनात आले होते. ग्राहकाला स्वतःचे जग पाहण्याची हौस होती, आणि त्या हौसेला किंमत होती, म्हणून हे जग चित्रविषय झाले. ही वस्तुस्थिती चित्रांना कमी लेखण्यासाठी सांगितलेली नाही. या चित्रांत काय दिसते आणि काय दिसत नाही, याचा पहिला नियम तिच्यात आहे.

३

बहुरंगी छपाईचा आरंभ १७६५ सालचा मानला जातो. एदोतील हौशी कविमंडळांमध्ये सचित्र दिनदर्शिका छापून परस्परांना भेट देण्याची स्पर्धा सुरू झाली आणि तिच्यातून सुझुकी हारुनोबुची (मृत्यू १७७०) 'निशिकि-ए' म्हणजे जरतारी चित्रे जन्माला आली. त्याची 'झाशिकि हाक्केई' म्हणजे 'दिवाणखान्यातील आठ दृश्ये' ही मालिका (सुमारे १७६६) गृहजीवनाचे चित्रण म्हणून नेहमी उद्धृत होते. तिच्यात आरसा आहे, तंतुवाद्य आहे, टॉवेल वाळत घालण्याची घोडी आहे, दिवा आहे, घड्याळ आहे. एदोतील सुखवस्तू घराच्या सामानाची ही जणू यादीच.

परंतु या मालिकेची रचना मुळात एका अभिजात चिनी विषयावर बेतलेली आहे. शियाओ आणि शियांग या नद्यांच्या परिसरातील आठ निसर्गदृश्ये हा चीन-जपानमधील चित्रकारांचा आणि कवींचा शतकानुशतके चालत आलेला विषय होता: शरदाचा चंद्र, उतरणारे हंस, परतणारी शिडे, मंदिराची सांजघंटा, रात्रीचा पाऊस, इत्यादी. हारुनोबुच्या चित्रात शरदाचा चंद्र म्हणजे प्रसाधनाचा गोल आरसा. उतरणारे हंस म्हणजे तंतुवाद्यावरील घोड्यांची तिरपी रांग. परतणारी शिडे म्हणजे वाऱ्याने फुगलेले टॉवेल. सांजघंटा म्हणजे घड्याळाचा टोला. रात्रीचा पाऊस म्हणजे चुलवणावर उकळत्या पाण्याचा आवाज. एका वस्तूत दुसरी पाहण्याच्या या पद्धतीला जपानी परंपरेत 'मिताते' असे नाव आहे.

येथे कुंतकाचा प्रश्न उपयोगी पडतो. टॉवेल चित्रात आला तो टॉवेल म्हणून आला नाही. तो शिडाच्या आठवणीमुळे चित्रणक्षम ठरला. रोलां बार्थने १९६८ मध्ये कादंबरीतील निरुपयोगी तपशिलाविषयी जे विवेचन केले, त्यात असा तपशील काहीही सांगत नाही आणि म्हणूनच 'मी वास्तव आहे' एवढेच सूचित करतो, अशी मांडणी आहे. हारुनोबुचे चित्र याच्या उलट टोकाला उभे आहे. त्यातील एकही वस्तू निरर्थक नाही. प्रत्येक वस्तू दुसऱ्या कशाची तरी सूचक आहे. ज्या चित्रांना आपण स्वभावोक्तीचा नमुना समजतो ती वक्रोक्तीच्या मार्गाने दैनंदिनापर्यंत पोहोचली आहेत.

या मालिकेचा वाचकही एकच नव्हता. ती प्रथम क्योसेन या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका सामुराई कवीच्या सांगण्यावरून, त्याच्या मित्रमंडळासाठी निघाली; नंतर प्रकाशकाने ती सर्वसामान्य विक्रीस आणली. पहिल्या वाचकाला अभिजात संदर्भ ठाऊक होता आणि त्याचा आनंद त्या संदर्भाच्या अवनतीत होता. दुसऱ्या वाचकाला कदाचित केवळ घर, स्त्री आणि वस्त्र दिसत असेल. चित्र बदलले नाही, परंतु एका वाचकाचे विडंबन दुसऱ्याचे दैनंदिन जीवन ठरले. तेव्हा 'दैनंदिनता' ही चित्राच्या विषयात असलेली गोष्ट नसून वाचनाच्या स्थितीतून निर्माण होणारी गोष्ट आहे, असा निष्कर्ष काढावा लागतो.

४

या निष्कर्षाची कसोटी पाहण्यासाठी ज्यात छापचित्र-व्यवसाय स्वतःचेच चित्रण करतो अशी चित्रे निवडणे सोयीचे होईल. कितागावा उतामारोने (मृत्यू १८०६) सुमारे १८०३ मध्ये रंगीत छापचित्रांच्या निर्मितीवर एक त्रिपत्री चित्र काढले. उतागावा कुनिसादाने १८५७ मध्ये चार सामाजिक श्रेणींच्या आधुनिक रूपांतरांतर्गत 'कारागीर' या चित्रात तोच विषय घेतला. दोहोंत अवजारे तपशिलाने दाखवली आहेत: पटाशा, हातोडी, धार लावण्याचा दगड, कागदाला खळ देण्याचा रुंद कुंचला, वाळत टांगलेले कागद. छपाईच्या इतिहासकाराला यांतून पुष्कळ माहिती मिळते. मात्र ही सर्व कामे करताना ज्या दिसतात त्या रेखीव वस्त्रे ल्यालेल्या सुंदर स्त्रिया आहेत. प्रत्यक्षात एदोच्या कार्यशाळांतील कोरणारे आणि छापणारे कारागीर सामान्यतः पुरुष होते.

अवजार खरे, हात खोटा, अशी ही स्थिती आहे. वस्तूच्या पातळीवर चित्र साक्ष देते आणि व्यक्तीच्या पातळीवर तीच साक्ष मोडते. कुनिसादाच्या शीर्षकातच 'मिताते' हा शब्द असल्याने तत्कालीन ग्राहकाची यात फसवणूक नव्हती. हा खेळ त्याला माहीत होता. फसवणूक होते ती त्याच चित्राला 'दैनंदिन जीवनाचा पुरावा' म्हणून वाचणाऱ्या उत्तरकालीन अभ्यासकाची. आणि ज्यांच्या हातांनी हा ठसा कोरला गेला, त्या कारागिरांना स्वतःच्या धंद्याच्या चित्रातूनही बाहेर राहावे लागले, ही गोष्ट लक्षात येण्यासाठी आधी तो खेळ ओळखावा लागतो.

हाच निकष उतामारोच्या 'सेइरो जुनितोकि' म्हणजे योशिवारा या गणिकावस्तीतील बारा प्रहरांच्या मालिकेला (सुमारे १७९४) लावला तर प्रश्न अधिक गंभीर होतो. ही मालिका त्सुताया जुझाबुरो या प्रकाशकाने काढली. तिच्यात गणिका ग्राहकासमोर सजून बसलेली क्वचितच दिसते; पत्र लिहिताना, झोपेतून उठून पादत्राण शोधताना, दमून वस्त्र सावरताना ती दिसते. दिवसाचे बारा भाग पाडून एका जीवनक्रमाचा मागोवा घेणारी ही रचना दैनंदिनतेची उत्कृष्ट रचना वाटते, आणि अनेक अंशी ती तशी आहेही. मात्र ग्राहकाला जे प्रत्यक्षात पाहता येत नसे तेच येथे विकले जात होते. खाजगीपणा हाच या चित्राचा माल होता.

योशिवाराची वस्ती १६५७ च्या आगीनंतर आसाकुसाच्या उत्तरेस हलवण्यात आली होती आणि तिच्याभोवती खंदक होता. तेथील बहुतेक स्त्रिया बालवयात कर्जाच्या करारावर विकल्या गेलेल्या असत. बेवारस मरण पावलेल्या स्त्रियांची प्रेते जेथे टाकली जात ते मिनोवा येथील जोकान-जी हे मंदिर वस्तीपासून फार दूर नव्हते. बारा प्रहरांत यांपैकी काहीही येत नाही. दिवसाचे प्रहर आहेत, पण वर्षे नाहीत. आणि कर्ज हा वर्षांचा विषय आहे, प्रहरांचा नाही. काळाचे एकक लहान ठेवले की जीवन रम्य दिसते, ही गोष्ट चित्राइतकीच ललित गद्यालाही लागू पडते.

तथापि उतामारोला या एका नियमात बसवणे अन्यायाचे होईल. त्याच्या स्वयंपाकघराच्या द्विपत्री चित्रात (सुमारे १७९५) एक स्त्री बांबूच्या नळीने चूल फुंकते आहे, धूर उठला आहे आणि त्या धुराचा त्रास चेहऱ्यावर उमटला आहे. शेजारी भाजी सोलली जाते आहे, आणि एका स्त्रीला तिचे मूल पाठीमागून बिलगले आहे. सौंदर्यचित्राच्या संकेतानुसार चेहरा निर्विकार असावा लागतो. येथे धुराने तो संकेत किंचित मोडला. श्रम चेहऱ्यापर्यंत पोहोचला, एवढ्यानेच हे चित्र त्याच्या इतर सुंदर स्त्रियांपासून वेगळे होते.

५

काय दाखवावे हे केवळ बाजार ठरवीत नव्हता. १७९० नंतर प्रत्येक चित्रावर तपासणीची मुद्रा आवश्यक झाली. १७९३ मध्ये गणिकांव्यतिरिक्त इतर स्त्रियांची नावे चित्रावर छापण्यास बंदी आली, कारण चहागृहातील मुलींना लाभणारी प्रसिद्धी शासनाला खुपत होती. यावर नावाऐवजी चित्रकोडे घालण्याचा उपाय निघाला. नानिवाया चहागृहातील ओकिता हिचे नाव भाजीच्या दोन जुड्या, बाण, खोल समुद्र आणि भातखाचर अशा चित्रांच्या उच्चारांतून सुचवले गेले. १७९६ मध्ये ही कोडीही बंद झाली. खुद्द उतामारोला १८०४ मध्ये तोयोतोमी हिदेयोशीविषयीच्या चित्रांबद्दल हातात बेड्या घालून घरात राहण्याची शिक्षा झाली. भाजीची जुडी हा एरवी दैनंदिनतेचा निष्पाप तपशील. या चित्रांत ती बंदी चुकवणारे अक्षर झाली.

१८४२ च्या तेन्पो सुधारणांनी नट आणि गणिका यांच्या चित्रांवर बंदी घातली आणि रंग व किंमत यांवरही मर्यादा आणली. उतागावा कुनियोशीने त्यानंतर काही वर्षांनी नटांची व्यक्तिचित्रे कोठाराच्या भिंतीवर कोणी खिळ्याने ओरखडावीत तशा आडवळणी रेषांत छापली. भिंतीवरचा ओरखडा ही रस्त्यावरील सर्वांत सामान्य गोष्ट. तिच्या आडून निषिद्ध चेहरे परत आले.

या पार्श्वभूमीवर होकुसाईची (१७६० ते १८४९) फुजी पर्वताची मालिका पाहिली पाहिजे. शीर्षकात छत्तीस दृश्ये असली तरी एकूण चित्रे छेचाळीस आहेत आणि ती सुमारे १८३० ते १८३३ या काळातील आहेत. या मालिकेत पर्वताइतकेच श्रमाचे चित्रण आहे. ओवारी प्रांतातील चित्रात एक कारागीर प्रचंड पिंपाच्या आत वाकून काम करतो आहे आणि पिंपाच्या वर्तुळातून फुजी लहान त्रिकोणासारखा दिसतो. तोतोमीच्या डोंगरातील चित्रात करवतकरी तिरप्या तुळईच्या वर आणि खाली उभे आहेत. कानागावाच्या सुप्रसिद्ध लाटेखाली नौकांमध्ये वल्हेकरी वाकून बसले आहेत. जगभर त्या चित्राची लाट तेवढी ओळखली जाते. होन्जो येथील लाकडाच्या वखारीच्या चित्रात तर फळ्यांवर प्रकाशकाचे नाव आणि याच मालिकेची जाहिरात आहे. श्रमाचे दृश्य आणि विक्रीची पाटी एकाच चौकटीत नांदतात.

या मालिकेतील श्रमिकांना व्यक्तिगत चेहरा नाही, पण देहाची भूमिती आहे. पिंपाचे वर्तुळ, तुळईचा कर्ण आणि पर्वताचा त्रिकोण एकाच रचनेचे घटक होतात. श्रमाला येथे जी प्रतिष्ठा मिळते ती आकृतीची प्रतिष्ठा आहे. १८३३ मध्ये तेन्पोचा दुष्काळ सुरू झाला आणि तो काही वर्षे टिकला. होकुसाईची मालिका पूर्ण होत होती आणि हिरोशिगेची तोकाइदो मार्गावरील मुक्कामांची मालिका (सुमारे १८३३-३४) सुरू होत होती, त्याच सुमारास ग्रामीण जपानमध्ये उपासमार होत होती. या मालिकांत प्रवासी चहागृहात जेवतात, हमाल पावसात पालखी वाहून नेतात. भूक मात्र नाही. चालू घडामोडींवर चित्र काढण्यास मनाई होती आणि ग्राहकाला प्रवासाचे सुख हवे होते. ही अनुपस्थिती एकट्या चित्रकाराची नैतिक उणीव मानणे म्हणजे पुन्हा चित्राला एकाच व्यक्तीची अभिव्यक्ती समजणे होय.

६

अनुपस्थितीचे दुसरे रूप उतागावा हिरोशिगेच्या (१७९७ ते १८५८) 'एदोची शंभर प्रसिद्ध दृश्ये' या अखेरच्या मालिकेत (१८५६ ते १८५८) सापडते. १८५७ मधील 'आसाकुसाची भातशेते आणि तोरी-नो-माचीचा उत्सव' या चित्रात खिडकीच्या गजांआड एक पांढरे मांजर बसून बाहेर पाहते आहे. दूरवर उत्सवाहून परतणाऱ्या लोकांची रांग, त्यांच्या हातांतील शुभसूचक दंताळी, आणि संध्याकाळच्या आकाशात फुजी. खिडकीच्या कट्ट्यावर पाण्याचे भांडे आणि टॉवेल. खाली दंताळीच्या आकाराच्या नव्या केसपिना. खोली योशिवारातील गणिकागृहाची आहे. माणूस कोणीही दिसत नाही.

उत्सवाचा हा दिवस वस्तीतील स्त्रियांसाठी विशेष कष्टाचा असे, कारण अशा ठरावीक दिवशी त्यांना ग्राहक मिळवणे बंधनकारक होते. केसपिना म्हणजे ग्राहकाने उत्सवातून आणलेली भेट असावी, असा अर्थ लावला जातो. म्हणजे ग्राहक आलेला आहे. स्त्री चौकटीबाहेर, पडद्यामागे आहे. १८५५ च्या एदोच्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत योशिवारा उद्ध्वस्त झाला होता आणि तेथे अडकलेल्या अनेक स्त्रिया मरण पावल्या होत्या. चित्र छापले गेले तेव्हा ही घटना दोनच वर्षांपूर्वीची होती. तिचे कोणतेही चिन्ह चित्रात नाही, पण गज आहेत, आणि गजांपलीकडे मोकळे शेत आहे.

येथे दैनंदिनतेच्या चित्रणाचे आधीचे सर्व संकेत उपस्थित आहेत. वस्तू अचूक आहेत, व्यक्ती वगळलेली आहे, काळाचे एकक एका संध्याकाळीचे आहे. परंतु उतामारोच्या बारा प्रहरांत जे वगळले होते ते चौकटीबाहेर राहून नाहीसे होत असे. हिरोशिगेच्या चित्रात वगळणे हीच चित्राची रचना झाली आहे. प्रत्येक वस्तू एका अदृश्य देहाकडे बोट दाखवते. हारुनोबुच्या टॉवेलमागे चिनी नदीतील शीड होते. हिरोशिगेच्या टॉवेलमागे तो वापरून ठेवणारी स्त्री आहे. संकेतव्यवस्था तीच राहिली, फक्त सूचित अर्थ ग्रंथातून निघून खोलीत आला. 'उकियो' या शब्दाखाली दबलेला दुःखवाचक अर्थ येथे ऐकू येतो, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही.

अर्थात हेच चित्र खिडकीतल्या गोंडस मांजराचे चित्र म्हणूनही विकले गेले असणार आणि आजही जाते. दोन्ही वाचने चित्रात शक्य आहेत. फरक इतकाच की पहिले वाचन गज, पिना आणि टॉवेल यांचा परस्परसंबंध लावते, तर दुसरे त्यांना सजावट समजते. जे वाचन चित्रातील अधिक घटकांना सामावून घेते ते अधिक ग्राह्य, हा संहितानिष्ठ समीक्षेचा साधा निकष येथेही पुरेसा आहे.

७

युरोपने ही चित्रे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वीकारली ती आधुनिक जीवनाच्या चित्रणाचा आदर्श म्हणून. एदमाँ द गोंकूरने उतामारोवर १८९१ मध्ये आणि होकुसाईवर १८९६ मध्ये ग्रंथ लिहिले. व्हान गॉगने १८८७ मध्ये हिरोशिगेच्या चित्रांच्या तैलरंगातील प्रतिकृती केल्या. संदर्भव्यवस्था तुटल्यामुळे मितातेचा खेळ या स्वीकारात दिसेनासा झाला आणि उरले ते 'जसेच्या तसे' जीवन. आज जगभर रूढ असलेली 'आरसा' ही प्रतिमा बऱ्याच अंशी या स्वीकाराची निर्मिती आहे.

साहित्यकृतीला समाजाचे प्रतिबिंब मानणाऱ्या समीक्षेपुढे यातून एक अडचण उभी राहते. दैनंदिन जीवनाचा तपशील विपुल आहे म्हणून कृती वास्तववादी आहे, हा युक्तिवाद मराठी कादंबरी आणि ग्रामीण कथा यांच्याविषयीही वारंवार केला जातो. उकियो-ए चित्रे दाखवतात की तपशील खरा असूनही माणूस खोटा असू शकतो, आणि माणूस वगळूनही त्याच्या जगण्याविषयी खरे सांगता येते. तपशिलाची विपुलता वास्तवाची हमी देत नाही. तो तपशील कोणाच्या जगण्याशी संबंध जोडतो, हे तपासावे लागते.

स्वभावोक्तीविषयीच्या जुन्या वादात दंडी आणि कुंतक यांपैकी एकाचीच बाजू घेण्याचे म्हणूनच कारण राहत नाही. दैनंदिन जीवन या चित्रांत आधी अलंकार म्हणून येते: अभिजात विषयाचे रूपांतर, सौंदर्याची पार्श्वभूमी, बंदी चुकवणारे कोडे. स्वयंपाकघरातील धुराने आक्रसलेल्या चेहऱ्यात आणि गजांआडच्या रिकाम्या खोलीत ते अलंकार्य होऊ लागते. हे स्थित्यंतर कोणत्या कृतीत घडते आणि कोणत्या कृतीत घडत नाही, याचा निवाडा प्रत्येक चित्रापुढे स्वतंत्रपणे करावा लागतो. 'जीवनाचा आरसा' हे बिरुद सरसकट सर्व चित्रांना लावले की नेमका हाच निवाडा टळतो.